पिवळा म्हणजे किती पिवळा?

कावीळ झालेल्याला सारे जग पिवळे दिसते, ही म्हण मराठीत इतकी रुळली आहे की तिच्यातला रोग आता कोणाला जाणवतही नाही. पूर्वग्रहदूषित टीकाकाराचे वर्णन करायला ती फार सोयीची. वाङ्मयीन वाद शिकवताना आम्ही दोघांनीही ती आपापल्या वर्गांत पुष्कळदा वापरली आहे. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र तीत फारसे तथ्य नाही. काविळीचा रुग्ण जगाला पिवळा दिसतो; त्याला स्वतःला जग सहसा नेहमीसारखेच दिसत असते. म्हणीने पाहणारा आणि पाहिला जाणारा यांची अदलाबदल करून टाकली आहे. मोठ्या माणसाच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. तो आरशात पाहतो, जेवण जात नाही म्हणून तक्रार करतो, लघवीचा रंग बदलला हे त्याचे त्यालाच कळते. चार दिवसांच्या बाळाला यांतले काहीच शक्य नसते. त्याची कावीळ ही सर्वस्वी दुसऱ्याच्या डोळ्यांवर सोपवलेली गोष्ट आहे.

'कावीळ' या शब्दाचे संस्कृत 'कामला'शी नाते उघड आहे. चरकसंहितेत पांडुरोगाच्या अध्यायातच कामलेचा विचार येतो आणि तिचे लक्षण सांगताना उपमान म्हणून हळदच येते: डोळे, त्वचा, नखे, तोंड, सारे हळदीच्या रंगाचे. आपल्याकडे पिवळ्या रंगाचे प्रमाण हळद हेच आहे, पिवळ्या फुलापक्ष्यांआधी आपल्याला हळद आठवते. आणि नेमकी हीच हळद बाळंतिणीच्या खोलीत सर्वत्र असते. बाळाला न्हाऊ घालताना डाळीचे पीठ, साय आणि चिमूटभर हळद. गुटी द्यायची पद्धत असेल तर तीत उगाळलेले हळकुंड. बाळंतिणीच्या दुधात हळद. भेटीला आलेल्या बायकांच्या बोटांवर हळदीकुंकू. ज्या घरात पिवळेपणा शोधायचा, त्याच घरात पिवळेपणा मंगल म्हणून आधीच पसरून ठेवलेला असतो. तो तिथे नसावा असे आम्हांला म्हणायचे नाही. पण पाहणाऱ्याची अडचण इथून सुरू होते, एवढे ध्यानात घ्यायला हवे.

आधी शरीरातली हकिकत थोडक्यात. पोटात असताना बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी भरपूर असतात. जन्मानंतर त्यांतल्या पुष्कळ मोडतात आणि त्यांतून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. ते शरीराबाहेर काढण्यायोग्य करण्याचे काम यकृताचे. पण नवजात यकृताला त्या कामाचा सराव नसतो. त्यामुळे पूर्ण दिवसांच्या सुमारे ६० टक्के आणि अपुऱ्या दिवसांच्या सुमारे ८० टक्के बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ दिसतेच. बहुतेकांची आपोआप ओसरते. काहींची मात्र चढत जाते, आणि एका मर्यादेपलीकडे हे द्रव्य मेंदूत शिरून तिथल्या विशिष्ट केंद्रांवर कायमचे बसते. त्यातून वाचलेल्या मुलाला ऐकू येत नाही, हातपाय त्याच्या इच्छेविरुद्ध वळत राहतात, मान सावरत नाही. बुद्धी पुष्कळदा शाबूत असते आणि ती व्यक्त करायला शरीर साथ देत नाही. हे सारे टाळण्यासाठी जे करावे लागते ते बहुतेक वेळा इतके साधे असते, की एक-दोन दिवस निळ्या प्रकाशाखाली ठेवणे पुरते. म्हणजे उपचार कठीण नाही. कठीण आहे ते वेळेवर दिसणे.

२०१२ च्या जुलैत आमचा मुलगा जन्मला. तीन आठवडे आधीच आला होता, पण वजन बरे होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रसूतिगृहाने घरी सोडले. कोणते प्रसूतिगृह ते इथे महत्त्वाचे नाही; तेव्हा बहुतेक ठिकाणी असेच चाले. निघताना एक वाक्य सांगण्यात आले: थोडी कावीळ असतेच, सकाळचे कोवळे ऊन दाखवा. बाळंतपण माहेरी, म्हणजे लालबागच्या एका चाळीत होते. खोली दहा बाय बाराची, खिडकी मागच्या इमारतीच्या भिंतीवर उघडणारी, ती भिंत हाताने शिवता येईल इतकी जवळ. त्यात जुलै महिना. मुंबईच्या आषाढात कोवळे ऊन कुठून आणायचे, हे सांगणाऱ्याने सांगितले नव्हते. खोलीत दिवसभर ट्यूबलाइट लागलेली, आणि वारा लागू नये म्हणून बाळंतिणीच्या खाटेला जुन्या साडीचा आडोसा.

भेटीला येणाऱ्या बायका बाळाकडे पाहून एकच बोलत. बापापेक्षा उजळ आहे हो. तुकतुकीत आहे. सोन्यासारखा आहे. आमचे ते पहिलेच मूल. तुलनेला दुसरे नव्हते. चौथ्या दिवशी सकाळी शेजारच्या खोलीतल्या मावशी आल्या. महापालिकेच्या रुग्णालयातील प्रसूतिकक्षात आया म्हणून त्यांची सारी नोकरी झालेली. त्यांनी हातपाय धुतले, आडोसा बाजूला केला, आणि कोणाची परवानगी न मागता बाळ उचलून बाहेर सामाईक गॅलरीत नेले. आजी ओरडली, बारशाआधी पोर उंबऱ्याबाहेर कशाला काढता म्हणून. पाऊस क्षणभर थांबला होता. ढगांआडून येणारा तो पांढरा, सपाट उजेड. मावशींनी अंगठ्याने बाळाचे नाक दाबले आणि सोडले. मग छाती. मग मांडी. मग दुपटे पार उघडून तळपाय. दाबल्यावर रक्त बाजूला सरते आणि त्वचेचा मूळ रंग क्षणभर उघडा पडतो. त्या क्षणी पाहायचे असते. तळपायांवर हळदीचा स्वच्छ डाग उमटला. त्या म्हणाल्या, "पायापर्यंत उतरलीय. दूध ओढतंय का नीट? मग बारशाची कसली वाट बघता? रिक्षा नाही येत इथे, टॅक्सी बघा."

टाचेतून रक्त घेतले तेव्हा आकडा १९ निघाला. त्या दिवसाच्या, तीन आठवडे आधी आलेल्या बाळाला तो प्रकाशोपचारासाठी पुरेसा होता. दोन रात्री डोळ्यांवर पट्टी बांधून ते निळ्या दिव्याखाली झोपले, आणि आकडा उतरला. आता ते तेरा वर्षांचे आहे, त्याला ऐकू उत्तम येते. ऐकायचे नसले म्हणजे येत नाही, पण त्याला वैद्यकीय कारण नाही.

मावशी जे करत होत्या त्याला एक नाव आहे, हे आम्हांला पुष्कळ नंतर कळले. १९६९ साली क्रेमर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवले की नवजात बालकाची कावीळ डोक्याकडून पायांकडे उतरत जाते, आणि ती शरीरावर कुठवर पोचली यावरून रक्तातील प्रमाणाचा अंदाज बांधता येतो. फक्त चेहरा पिवळा असेल तर साधारण ५-६, पोट-मांड्यांपर्यंत आली तर १२ च्या आसपास, आणि तळहात-तळपाय पिवळे झाले तर १५ च्या वर. मावशींनी क्रेमर वाचलेला नव्हता. वर्षानुवर्षे कक्षातल्या डॉक्टरांची बोटे कुठे दाबतात ते मात्र त्यांनी पाहिले होते. रुग्णालयाच्या उतरंडीत सर्वांत खाली असलेल्या बाईने वरच्यांचे ज्ञान नजरेने उचलून चाळीत आणले होते. नोकरीत असताना त्यांना याविषयी कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

प्रकाशोपचाराची सुरुवातही डॉक्टरांच्या नव्हे, एका परिचारिकेच्या नजरेतून झाली. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात रॉचफर्ड येथील रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष सांभाळीत. उन्हाचे दिवस आले की त्या बाळांना बाहेर अंगणात नेत, कारण मोकळी हवा त्यांना चांगली असा त्यांचा विश्वास. १९५६ साली त्यांनी फेरीवर आलेल्या डॉक्टरांना काहीशा संकोचाने एक बाळ दाखवले. ते सर्वत्र निवळलेले होते, फक्त एक त्रिकोणी तुकडा गडद पिवळा उरला होता. डॉक्टरांना आधी वाटले, कसला डाग लागला आहे. प्रत्यक्षात चादरीचे टोक तिथे पडले होते, आणि ऊन न लागल्यामुळे तेवढाच भाग पिवळा राहिला होता. पुढे काही आठवड्यांत खिडकीच्या कठड्यावर उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नळीतले बिलिरुबिन कमी भरले, आणि १९५८ मध्ये डॉ. क्रेमर व सहकाऱ्यांचा शोधनिबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. (हे रिचर्ड क्रेमर वेगळे, वर आलेले अमेरिकन लॉइड क्रेमर वेगळे, देवनागरीत दोघे एकच दिसतात.) आज जगभर लागणाऱ्या त्या निळ्या दिव्यांची जननी म्हणजे चादरीचे ते टोक.

तेव्हा ऊन दाखवा हा सल्ला अगदीच निराधार नाही. परंतु उन्हाची मात्रा मोजता येत नाही. उघडे बाळ उन्हात भाजते वा वाऱ्याने गारठते, आणि मुख्य म्हणजे 'ऊन देतोय ना' या समाधानात मोलाचे दिवस जातात. नायजेरियातील लागोस येथे संशोधकांनी घातक किरण अडवणाऱ्या पडद्यांखाली, डॉक्टरांच्या देखरेखीत, उन्हाचाच वापर करून पाहिला आणि २०१५ मध्ये त्याचे चांगले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पण ते रुग्णालयातले ऊन होते, मोजूनमापून दिलेले. आपल्या गॅलरीतले ऊन हा उपचार नव्हे. गॅलरीतला उजेड पाहण्यासाठी आहे, बरे करण्यासाठी नाही. हा भेद त्या एका वाक्यात मावला असता: ऊन दाखवा असे न म्हणता, उजेडात पाहा, एवढेच म्हणायचे होते.

उजेड ही गिरणगावात नेहमीच टंचाईची वस्तू. १९२० च्या दशकाच्या आरंभी डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणांची सरकारसाठी पाहणी केली. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर पंधरा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत सहा कुटुंबे राहत असल्याची त्यांची नोंद आहे. बरोबरच्या परिचारिकेला, इथे बाळंतपणासाठी आडोसा कसा करणार, असे विचारले तेव्हा त्यांना तीन फूट बाय चार फुटांची, आडपडदा लावून वेगळी काढलेली जागा दाखवण्यात आली. तेवढ्या जागेत त्या जन्मलेल्या मुलाचा रंग कोणी कसा पाहिला असेल? अशा पाहण्यांचा आणि कामगार चळवळीच्या रेट्याचा परिणाम म्हणून १९२९ चा मुंबईचा मातृत्व लाभ कायदा झाला, तो देशातला अशा प्रकारचा पहिला. त्याच काळात परळच्या एका कोपऱ्यात के.ई.एम. (१९२६), नवरोजी वाडिया प्रसूती रुग्णालय (१९२६) आणि बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय (१९२९) उभी राहिली. गिरण्या गेल्या, ही रुग्णालये आहेत. आमचा लालबागचा अनुभव त्या दृष्टीने भाग्यवंताचा म्हटला पाहिजे. टॅक्सीत बसल्यावर दहा मिनिटांत रक्त तपासता येईल अशी जागा महाराष्ट्रात किती जणांच्या वाट्याला येते?

तरीही त्या दहा मिनिटांआधीचे चार दिवस लालबागेत आणि गडचिरोलीत सारखेच असतात. सरकारी नियम सुरळीत प्रसूतीनंतर ४८ तास रुग्णालयात राहा असे सांगतो. खाटांची ओढाताण पाहता तितकेही अनेकदा होत नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ शिखरावर पोचते ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. म्हणजे ज्यांना पाहता येते ते पहिले दोन दिवस पाहतात, आणि पाहण्यासारखे होते तेव्हा बाळ घरी असते. आमच्या परंपरेने त्या दिवसांची दखल घेतली नाही असे नाही. पाचव्या रात्री सटवाई येते, कपाळावर लेख लिहून जाते, म्हणून दिवा तेवत ठेवून जागायचे. पाचवी-सहावीची ही भीती कुठून आली याची उत्तरे बहुधा वेगळी आहेत. नाळ गंजक्या विळ्याने कापली जाण्याच्या काळात नवजात धनुर्वात याच दिवसांत मुले नेत असे. (भारतातून नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे २०१५ साली मान्य झाले.) पण इतके खरे, की पाचव्या दिवशी घरातली बाई दिवा घेऊन जागी असते, आणि त्या दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात बाळाच्या अंगावरचे पिवळेपण नाहीसे होते. पिवळ्या उजेडात पिवळे दिसत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नव्वदच्या दशकात या दिवसांचाच माग काढला. बाळ रुग्णालयात येत नसेल तर पाहणारीने घरी जावे, हे त्याचे सूत्र. गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रिया, आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षित होऊन, पहिल्या महिन्यात ठरलेल्या दिवशी झोपडीत जाऊन बाळ उघडून पाहत, वजन करत, श्वास मोजत. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निबंधानुसार त्या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला. त्यात कावीळ हा एक छोटा भाग. जंतुसंसर्ग, श्वास कोंडणे, कमी वजन ही मोठी कारणे. पण पद्धत तीच: कोणीतरी तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी दारात यायला हवे. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटी ठरल्या त्या याच धर्तीवर, आणि रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी पहिली भेट तिसऱ्या दिवशी. तिसरा दिवस का, हे वरच्या हिशेबावरून कळावे.

आता गोरेपणाविषयी. भेटीला आलेल्या बायकांनी 'उजळ' म्हटले ते काही वाईट हेतूने नव्हे. मराठीत त्वचेच्या रंगाला किती शब्द आहेत पाहा: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, केतकी, सोनसळी. यांतले निम्मे पिवळ्याला भिडलेले आहेत, आणि ते सर्व कौतुकाचे. लग्नाच्या जाहिरातींवर पोसलेल्या या शब्दकोशात आजारी पिवळ्याला जागाच नाही. गव्हाळ बाळ चौथ्या दिवशी केतकीच्या रंगाकडे झुकले की घर हरखते. उलट सावळ्या बाळाचा पिवळेपणा दिसतच नाही, म्हणून ते उशिरा पोचते. डोळ्याने कावीळ अजमावण्याच्या पद्धतीची पुढे पुष्कळ परीक्षा झाली, तीतही हेच निघाले. बाळ अजिबात पिवळे नाही, असे अनुभवी डोळा म्हणाला तर त्यावर बऱ्यापैकी विसंबता येते. किती पिवळे आहे, यावर मात्र दोन अनुभवी डोळ्यांचेही एकमत होत नाही, आणि त्वचा जितकी सावळी तितका अंदाज ढळतो. क्रेमरची शिडी शंका घेण्यासाठी चांगली, आकडा सांगण्यासाठी नाही. एकदा बाळ निळ्या दिव्याखाली गेले की तीही उपयोगाची नाही, कारण दिव्याने कातडी निवळते आणि रक्तातले तसेच राहू शकते.

ट्रंकेचाही उल्लेख केला पाहिजे, कारण तो डॉक्टरांच्या प्रश्नावलीत सहसा नसतो. बाळ येणार म्हटले की माळ्यावरची ट्रंक खाली येते. तीतून थोरल्या भावंडांची अंगडी-टोपडी, आजीच्या लुगड्याची दुपटी, गोधड्या निघतात. आणि सोबत डांबरगोळ्यांचा वास. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलिन. काही मुलांच्या तांबड्या पेशींत एका विकराची जन्मजात उणीव असते; जी-सिक्स-पी-डी असे त्याचे लघुनाव. अशा बाळाला नॅफ्थलिनची वाफ लागली की त्याच्या तांबड्या पेशी भराभर मोडतात आणि कावीळ झपाट्याने चढते. ग्रीसमध्ये १९६३ साली अशा बाळांची मालिकाच नोंदली गेली. तेलात नॅफ्थलिन विरघळते, तेव्हा तेल माखलेल्या अंगावर ते कपडे म्हणजे आणखी भर. ही उणीव आपल्या शहरात विशेष आढळते ती पारशी समाजात, हे साठच्या दशकापासून ठाऊक आहे. दादरची पारशी कॉलनी आमच्या महाविद्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर. इतर समाजांत ती कमी आहे, पण नाही असे नाही. आणि उणीव मुख्यतः मुलग्यांत व्यक्त होते. ट्रंक उघडायची तर कपडे धुऊन, उन्हात वाळवून मगच बाळाला घालावेत, हे सांगायला कोणतेही यंत्र लागत नाही.

यंत्रेही आली आहेत. १९६० साली गॉसेट यांनी पारदर्शक प्लॅस्टिकची एक पट्टी केली. तिच्यावर फिकट ते गडद पिवळे पट्टे. ती बाळाच्या नाकावर दाबायची आणि कोणता पट्टा जुळतो ते पाहायचे. ही साधी वस्तू मधल्या काळात बाजूला पडली, कारण १९८० पासून जपानमधून त्वचेवर टेकवून मोजणारी उपकरणे आली. ती उत्तम आहेत आणि महाग आहेत. मोठ्या रुग्णालयांत दिसतात, आरोग्य उपकेंद्रात नव्हे. म्हणून अलीकडे पुन्हा पट्टीकडेच लक्ष वळले. बोस्टन आणि बांगलादेशातील सिल्हेट येथे नव्या, अधिक काळजीपूर्वक रंगवलेल्या पट्टीची चाचणी झाली. मोबाइलच्या कॅमेऱ्याने, शेजारी रंगांचे कार्ड ठेवून, अंदाज बांधणारी साधनेही तयार झाली आहेत. आम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. कॅमेरा ट्यूबलाइटमध्ये फसतो म्हणून त्याला रंगांचे कार्ड द्यावे लागते. म्हणजे यंत्रालाही प्रमाण हवे असते, जसे आपण हळद धरले होते. पण पट्टी असो वा फोन, तिसऱ्या दिवशी तो बाळापर्यंत घेऊन जाणारे माणूस कोण, हा प्रश्न उरतो.

ते माणूस परळ-लालबाग भागात पुष्कळदा महापालिकेची आरोग्य स्वयंसेविका असते. आमची एक जुनी विद्यार्थिनी त्यांपैकी आहे. मराठी घेऊन बी.ए. झालेली, तीन मजले चढून घरोघर जाणारी. मागील वर्षी ती एक मसुदा घेऊन दादरला आली. नवजात काविळीवर घरी वाटायचे पत्रक होते, कोणीतरी इंग्रजीवरून केलेले. पहिलेच वाक्य होते: नवजात अर्भकाच्या त्वचेस व नेत्रश्लेष्मलेस पीतवर्ण प्राप्त झाल्यास तत्काळ वैद्यकीय परामर्श घ्यावा. ती म्हणाली, "सर, मॅडम, हे मला कळतं, कारण तुम्ही शिकवलंत. पण ज्यांना द्यायचंय त्यांना नाही कळत."

दोन दुपारी आम्ही तिघे त्या एका पानावर बसलो. भाषाशुद्धीवर आयुष्यात कधी इतका नेमका वाद केल्याचे आठवत नाही. 'तळवे' लिहावे तर मराठीत तळवा हाताचाही असतो आणि पायाचाही, आणि वाचणारी हाताचेच पाहील. म्हणून 'तळहात आणि तळपाय' असे सबंध लिहिले. 'प्रकाशात' म्हटले तर ट्यूबलाइटही प्रकाशच. म्हणून 'दिवसाच्या उजेडात, खिडकीशी किंवा गॅलरीत, घरातला दिवा बंद करून'. 'शौच' काढून 'शी' केले, कारण तिथे दोन रंगांचा फरक सांगायचा होता: अंगावर पिणाऱ्या बाळाची पिवळी शी चांगली, खडूसारखी पांढरी शी असेल तर ती वेगळीच, यकृताच्या नळ्यांची कावीळ असू शकते आणि तिची शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाली तर अधिक यशस्वी होते. एकच रंग एका ओळीत धोका आणि पुढच्या ओळीत निरोगीपणा. वाचणारीचा गोंधळ होऊ नये म्हणून ती दोन वाक्ये आम्ही पानाच्या दोन टोकांना ठेवली. पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ, दूध न ओढणे, बाळ उठवूनही न उठणे, कर्कश रडणे, अंग मागे ताणणे, ही सर्व वाट न पाहण्याची लक्षणे म्हणून जाड ठशात. दोन आठवड्यांनंतरही उरलेली कावीळ दाखवून घेण्याची. आजीला वगळायचे नाही असे तिने सुचवले, आणि ते आम्हांला फार पटले: 'आजींनी पाहावे' असे एक वाक्य मुद्दाम घातले, कारण घरात बाळाला उघडे करण्याचा अधिकार तिचा असतो.

अडलो ते एका विशेषणावर. आमच्या मसुद्यात होते: बाळ पिवळसर दिसल्यास. तिने विचारले, "पिवळसर म्हणजे किती? त्या मला दारात विचारतात, पिवळसर की पिवळं? थोडं असेल तर थांबू का?" आम्ही पिवळट, हळदुला, लिंबाच्या रंगाचे असे सगळे शब्द फळ्यावर मांडून पाहिले. प्रत्येक शब्द वाचणारीला मोजमाप करायला लावत होता, आणि मोजमाप तर अनुभवी डॉक्टरांच्या डोळ्यांनाही जमत नाही. शेवटी विशेषण काढूनच टाकले. आता ते वाक्य असे आहे: बोटाने दाबून सोडल्यावर पिवळे दिसले तर दाखवा, किती आहे ते रक्त तपासून कळते, डोळ्याने कळत नाही.

पत्रक छापून झाले, वाटणे चालू आहे. काळाचौकीच्या एका घरात सासूबाईंनी ते सुनेला मोठ्याने वाचून दाखवले आणि मग विचारले, "रात्री दोन वाजता दिसलं तर फोन कुठे करू?" पानाच्या तळाशी त्यासाठी एक ओळ कोरी सोडलेली आहे. रात्री कोणीतरी खरोखर उचलेल असा क्रमांक त्या ओळीवर हवा. आमची विद्यार्थिनी तो मिळवण्यासाठी सध्या दोन कार्यालयांत फेऱ्या घालते आहे, आणि तोवर आपला स्वतःचा मोबाइल क्रमांक पेनाने लिहून देते आहे.